आडनाव, चिंगी आणि बडोद्यातले घर

आम्हा दोघांपैकी एकाची बदली बडोद्याला झाली, तेव्हा घरात पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा निघेल असे वाटले होते. पण धाकटीने पाटावर बसल्या बसल्या विचारले, "मग चिंगीचे काय?"

चिंगी ही आमची कुत्री. जात विचाराल तर गावठी. रंगाने काळी कुळकुळीत, फक्त चारी पंजे पांढरे. सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कल्याणच्या आमच्या वस्तीतील विहाराच्या पायरीखाली ती कुडकुडत बसलेली सापडली. वंदना आटोपून मुले बाहेर आली ती तिला सदऱ्यात गुंडाळूनच. तेव्हापासून आम्ही चारांचे पाच झालो.

नातेवाइकांचे सल्ले लगेच सुरू झाले. आत्या म्हणाल्या, "अरे, परमुलखात जाताय. आपल्याला घर मिळता मिळत नाही, तिथे कुत्र्यासकट कोण देणार? इथेच सोडा. वस्तीत चार घरी खाऊन राहील." आत्यांचे बोलणे मायेचे होते आणि अनुभवाचेही होते. पण ज्या जिवाला सात वर्षे दाराची सवय लावली, त्याला रस्त्यावर सोडायचे आणि रोज संध्याकाळी मुलांकडून पंचशील म्हणून घ्यायचे, हे आमच्याने होणार नव्हते. चिंगी बरोबर येईल असे ठरले. मुलांना आणि चिंगीला आत्यांकडे ठेवून आम्ही दोघे घर पाहायला निघालो.

बोरिवलीहून सकाळची गाडी धरली. वापी, वलसाड, नवसारी मागे पडले. सुरतेच्या अलीकडे उधना स्टेशन येते. गाडी तिथून जाताना आम्ही दोघेही एकदम गप्प झालो. बाबुराव बागुल रेल्वेच्या नोकरीसाठी याच भागात आले होते. खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली होती. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. आमच्या घरी त्याची जुनी प्रत आहे, पाने सुटलेली. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. आपल्याला असले काही करावे लागणार नाही, अशी मनाची समजूत घालत आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. भरुचच्या अलीकडे नर्मदेचा पूल लागला. पात्र एवढे रुंद, की पलीकडचा काठ यायला बराच वेळ लागला.

बडोदे हे मराठी माणसाला परके वाटत नाही. दांडिया बाजारात अजूनही मराठी कानावर पडते. रावपुरा, मांडवी, लहेरीपुरा दरवाजा, न्यायमंदिराची देखणी इमारत, सुरसागर तलाव, सगळीकडे गायकवाडी राज्याच्या खुणा आहेत. आपल्या समाजाचे तर या शहराशी नाते वेगळेच आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली आणि ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. ज्या शहराच्या पैशाने आपल्या उद्धारकर्त्याला विद्येचे दार उघडले, त्याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. हे आम्ही वाचलेले होते. पण वाचणे वेगळे आणि त्याच रस्त्यांवर घर शोधत फिरणे वेगळे.

दलालाने पहिल्या दिवशी पाच घरे दाखवली. बडोद्यात जमिनीवरच्या जोडघरांना 'टेनामेंट' म्हणतात. पुढे ओटा, ओट्यावर लोखंडी जाळी आणि बहुतेक घरांत एक झोपाळा. घरे छान होती. पण कुत्रीचे नाव काढले की घरमालकांचे चेहरे बदलत.

पहिले म्हणाले, "आता नवीन रंग दिलाय, दारे ओरबाडेल." दुसऱ्या घरच्या सूनबाईला दीड वर्षाचे मूल होते, तिला भीती वाटत होती. तिसरे गृहस्थ म्हणाले, "भुंकेल, आणि शेजारी मला बोलतील." चौथ्या घरी वास येईल ही तक्रार. पाचवे काका भाविक होते. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की आपण दर शनिवारी काळ्या कुत्र्याला न चुकता रोटली घालतो. आम्हाला आशा वाटली. म्हटले, "काका, आमची चिंगी काळीच आहे." काका हसले आणि म्हणाले, "रस्ता पर बराबर. घरमां कूतरो नहीं चाले."

गुजरातेत पहिली रोटली गाईची आणि शेवटची कुत्र्याची, अशी जुनी रीत आहे. मुक्या जिवाला खायला घालणारे हात या मुलखात खूप आहेत. पण घास घालणे आणि जागा देणे यात फरक आहे. घास घातल्याने देणारा वरच राहतो. जागा दिली की शेजार करावा लागतो. हा फरक आपल्या समाजाला कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

दलाल मात्र बोलका आणि गमत्या होता. विश्वामित्री नदी बडोदे शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पावसाळ्यात पाणी चढले की मगरी सोसायट्यांत शिरतात, मग वनखात्याची आणि प्राणिमित्रांची माणसे येऊन त्यांना दोरीने बांधून नेतात. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात तर हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. दलाल म्हणाला, "साहेब, इथे मगर विचारल्याशिवाय घरात येते. तुमची कुत्री बिचारी विचारून येतेय, तिला मात्र ना." आम्ही हसलो. दिवसभरातले ते एकच हसू.

त्या पाचही घरांच्या नकाराचा आम्हाला राग आला नाही, हे सांगितले पाहिजे. घर त्यांचे, रंगाचा खर्च त्यांचा, शेजाऱ्यांची बोलणी त्यांनाच खावी लागणार. लहान मुलाच्या आईची भीती खोटी नव्हती. त्या हरकती कुत्रीविषयी होत्या, आणि कुत्रीविषयीच्या हरकतीला उत्तर देता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलालाचा फोन आला. आवाजात आनंद होता. "असे घर मिळालेय, मालकाने स्वतः कुत्रा पाळलाय. फोनवरच हो म्हणालेत."

घर खरोखरच मनासारखे होते. खालच्या मजल्यावर दोन खोल्या, मागे छोटे अंगण, अंगणात लिंबाचे झाड. वरच्या मजल्यावर मालक राहत. त्यांचा तांबूस रंगाचा, लांब केसांचा कुत्रा शेपूट हलवत आमच्या पायाशी आला. मालकांनी आम्हाला झोपाळ्यावर बसवले. कुत्रीचे वय, खाणे, लस, सगळे आस्थेने विचारले. "जनावर असलेल्या घरात माणसेही चांगली असतात," असेही म्हणाले. भाडे ठरले, अनामत ठरली. मग त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "आखु नाम?"

आम्ही पूर्ण नाव सांगितले. लेखणी थांबली. "महाराष्ट्रात कुठले?" आम्ही तालुका आणि गाव सांगितले. "म्हणजे तुमच्यात कोण?" आम्ही म्हणालो, "आम्ही बौद्ध." आतून पाण्याचे पेले घेऊन येणाऱ्या त्यांच्या पत्नी दाराशीच थबकल्या. मालकांनी वही मिटली. घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "एक अडचण आहे. घरात दोन कुत्री जमणार नाहीत. तुमच्या कुत्रीमुळे नाइलाज आहे."

त्यांचा कुत्रा आमच्या पायाशीच बसलेला होता. आम्ही म्हणालो, "आताच तर आपण हो म्हणालात." ते म्हणाले, "ते फोनवर." आणि दुसरीकडे पाहू लागले. पाण्याचे पेले आतच राहिले.

बाहेर आल्यावर दलाल खाली मान घालून म्हणाला, "साहेब, पुढच्या घरी नुसते पहिले नाव सांगा. आडनाव मी सांभाळतो." तोही वाईट माणूस नव्हता. त्याला आमचे काम व्हायला हवे होते आणि त्याची दलालीही हवी होती. पण त्याच्या त्या वाक्याने मालकाच्या नकारापेक्षा जास्त लागले. रात्री मुलांशी फोनवर बोलताना मोठ्यानेही तेच सुचवले. "बाबा, चिंगीचे सांगूच नका. आणि आडनाव विचारले तर दुसरेच सांगा. एकदा आत गेलो की कोण काढतो?" सोळा वर्षांच्या मुलाने इतक्या सहज हे म्हणावे, याने आम्हाला झोप आली नाही.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. हातात दुपार होती, म्हणून सयाजीबागेत गेलो. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. १८७९ साली वसवलेली ही मोठी बाग विश्वामित्रीच्या काठावर आहे. पोरे खेळत होती, भेळवाले बसले होते. याच बागेत बाबासाहेब १९१७ साली येऊन बसले होते. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे आपले लोक जमतात.

ती हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची छोटी पुस्तिका १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली. परदेशात उच्च शिक्षण घेऊन ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा राहायला जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव घेऊन मुक्काम केला. माणसांची सोबत नाही, पुरेसा उजेड नाही, रात्री एका कंदिलावर ते दिवस काढत. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन ओळखीच्या गृहस्थांकडे बाबासाहेबांनी आसरा मागून पाहिला, तोही मिळाला नाही. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी या बागेत बसून काढला.

तिथे बसल्यावर आम्हाला आमचे उत्तर सापडले. बाबासाहेबांसारख्या माणसावर दुसरे नाव सांगण्याची वेळ आली, ती लाज त्यांची नव्हती, ती वेळ आणणाऱ्यांची होती. बागुलांचीही नव्हती. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. आमच्यापुढे मात्र आहे. त्यांनी सोसले आणि पुढे लढले, म्हणून आहे. आज हातात संविधान असताना, पगार बँकेत जमा होत असताना, आम्ही मुलाच्या देखत नाव चोरले, तर त्यांनी मिळवून दिलेले आम्ही आमच्या हाताने परत केले असे होईल.

आणखी एक गोष्ट मनात आली. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पिऊ शकत, पण आपल्या माणसांना पिता येत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले. तेव्हा कुत्र्याला मुभा होती आणि माणसाला बंदी. आता माणसाला बंदी घालायची ती कुत्र्याच्या नावाने. म्हणजे मुक्या जिवाला पुढे करून त्याच्या आडून बोलायचे. यात चिंगीवरही अन्यायच झाला की.

कल्याणला परतल्यावर मुलांना जवळ बसवून झाले ते सगळे सांगितले, काही लपवले नाही. त्या रात्री आम्ही त्यांना कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. बनारसच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला, पावसाने त्याचे चामडे भिजले आणि राजवाड्यातील पाळीव कुत्र्यांनी ते खाल्ले. सेवकांनी मात्र बाहेरची कुत्री गटारातून आत शिरली असे सांगितले. राजाने वाड्यातली कुत्री सोडून दिसेल ते कुत्रे मारण्याचा हुकूम दिला. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या निर्भयपणे राजासमोर गेला. "दोष कुणाचा हे तपासले का?" असे त्याने विचारले. त्याच्या सांगण्यावरून वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात गवत कालवून पाजले, आणि त्यांच्या पोटातून चामड्याचे तुकडे बाहेर पडले. पूर्वजन्माचा भाग आपण बाजूला ठेवू. पण चूक आतल्याची आणि शिक्षा बाहेरच्याला, हा न्याय नव्हे, हे त्या गोष्टीत स्पष्ट सांगितले आहे. धाकटीने चिंगीच्या कानात ती गोष्ट पुन्हा सांगितली.

मग आम्ही तयारीला लागलो. कुत्रीविषयीच्या प्रत्येक खऱ्या हरकतीला आपल्याकडे खरे उत्तर हवे, असे ठरवले. जनावरांच्या डॉक्टरांकडून चिंगीला रेबीजची वार्षिक लस टोचून दाखला घेतला. तिची नसबंदी पूर्वीच झाली होती, तो कागदही काढला. कल्याणच्या घरमालकांनी चार ओळींचे पत्र दिले, की सात वर्षांत या कुत्रीची तक्रार नाही आणि दारे-भिंती शाबूत आहेत. मोठ्याने एका कागदावर चिंगीचे वय, वजन, सवयी आणि लसींच्या तारखा सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि वर तिचा फोटो चिकटवला. तिला एकटे राहण्याची सवयही लावली. आधी पाच मिनिटे दार लावून बाहेर जायचे, मग दहा, मग अर्धा तास. परत आल्यावर फार लाड करायचे नाहीत. पंधरवड्यात ती दोन तास गप्प राहू लागली.

कायदाही वाचून घेतला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. पाळणाऱ्यानेही कुत्रे बाहेर पट्ट्यात धरावे आणि घाण स्वतः उचलावी, अशी अपेक्षा त्यात आहे. सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१ क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ साली घातले गेले. मात्र भाडेकराराची गोष्ट वेगळी. घरमालकाने 'प्राणी नको' अशी अट लिहिली आणि आपण सही केली, तर तिच्याकडे डोळेझाक करून चालत नाही. म्हणून आधी वाचावे, बोलावे आणि मग सही करावी.

आडनावाच्या नकारालाही कायदा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास आडकाठी करणे गुन्हा आहे. पण तो नकार कागदावर येतच नाही. तो भाविक होऊन येतो, शाकाहारी होऊन येतो, आणि आमच्या बाबतीत आला तसा कुत्र्याच्या आडूनही येतो.

म्हणून आम्ही एक केले. दलालाला सांगितले, की नंबर द्या, फोन आम्हीच करू. आणि पहिल्याच वाक्यात सांगू लागलो, "आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध. घरात चार माणसे आणि एक कुत्री. मांसाहार करतो. भाडे वेळेवर देऊ. चालत असेल तर पाहायला येतो." तीन फोन लगेच बंद झाले. तिसऱ्या वेळी वाईट वाटण्याऐवजी मोकळे वाटले. गाडीभाडे वाचले आणि कुणाच्या झोपाळ्यावरून उठावे लागले नाही.

चौथ्या फोनवर एक वयस्क बाई होत्या. सगळे ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, "बाकी सगळे चालेल. कुत्र्याचा विचार करावा लागेल. या, बोलू."

बेन निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. लहानपण दांडिया बाजारात मराठी शेजारात गेले, म्हणून मराठी चांगले. टेनामेंटच्या अर्ध्या भागात त्या एकट्या राहत आणि उरलेला अर्धा भाड्याने देत. आम्ही बसताच त्यांनी पाणी आणले. चार सारखे पेले होते. तीन आम्हाला आणि दलालाला दिले, चौथ्यातले त्या स्वतः प्यायल्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले, बोललो काही नाही.

मग त्यांनी कुत्र्याचे कारण सांगितले. आठ वर्षांच्या असताना शाळेच्या वाटेवर कुत्रे चावले होते आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती. "अजून कुत्रे दिसले की मी रस्ता बदलते," त्या म्हणाल्या. "सत्तर वर्षांची बाई असे म्हणते म्हणून हसू नका." आम्ही हसलो नाही. तशी इंजेक्शने आमच्या घरातल्या जुन्या माणसांनीही घेतली आहेत. आता ती लस दंडात देतात आणि मोजकीच लागते, हे त्यांना सांगितले. चिंगीचे कागद पुढे ठेवले. बेननी चष्मा लावून शाळेचा निकाल तपासावा तसे ते तपासले. लसीच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची मला दाखवायची."

अटी दोन्ही बाजूंनी ठरल्या. पुढचा ओटा बेनचा, चिंगीची ये-जा मागच्या दाराने. बेन बाहेर असतील तेव्हा चिंगी पट्ट्यात. दाराला खालून पत्रा आम्ही लावायचा, घर सोडताना रंगाचा खर्च आमचा. पहिला महिना परीक्षेचा, नाही जमले तर दोन महिन्यांची मुदत देऊन आम्ही दुसरे घर पाहायचे. हे सगळे अकरा महिन्यांच्या करारात लिहिले. बेन म्हणाल्या, "तुम्ही कुत्री लपवून आणली असती तर मी एक दिवसही ठेवली नसती. सांगून आणताय, म्हणून बघते."

सामान टेम्पोने आणले. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत, नाहीतर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा सगळा कूपे आपल्या नावावर घ्यावा लागतो. पहिले चिंगीला सोसवले नसते, दुसरे आमच्या खिशाला. म्हणून ती टेम्पोत मोठ्याच्या पायाशी बसून चारशे किलोमीटर आली. सुरतेपर्यंत जीभ बाहेर, पुढे नर्मदेचा वारा लागल्यावर झोपली.

पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. मागच्या घरातले एक भाई रात्रपाळी करून दिवसा झोपत, आणि नव्या जागेत चिंगी त्यांच्या पावलांवर भुंके. आम्ही त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. चिंगीचे अंथरूण आतल्या खोलीत हलवले, दिवसा रेडिओ हळू आवाजात लावून ठेवला, आणि भाईंनाच दोन-चार वेळा तिला बिस्कीट द्यायला सांगितले. ओळख झाली, भुंकणे थांबले. भाई आता तिला 'काळी' म्हणतात.

पहिला महिना संपला, त्या संध्याकाळी बेन मागच्या दाराशी आल्या. घरात यायला पुढचे दार असताना त्या मुद्दाम मागून आल्या, हे आमच्या नंतर लक्षात आले. चिंगी बांधलेली होती, त्या दोन हातांवर उभ्या राहिल्या. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. तिकडे पाहून त्या म्हणाल्या, "यांना आमच्या गावाने नीट ठेवले नाही." मग धाकटीने दिलेला चहा प्यायल्या आणि "करार चालू ठेवा" असे सांगून गेल्या. मुले आता त्यांना 'बा' म्हणतात. बा अजून चिंगीला हात लावत नाहीत. चिंगीही मर्यादा ओळखून असते. पण शेवटची रोटली हल्ली मागच्या पायरीवर येते, आणि ती द्यायला बा स्वतः येतात.

त्या झोपाळ्याच्या घरावरून आम्ही कधी कधी जातो. तिथे दुसरे भाडेकरू आले आहेत. राग गेला, असे लिहिले तर ते खोटे होईल. पण त्या घरात राहायला मिळाले नाही याचे दुःख उरलेले नाही. ज्या दारातून आत जाताना नाव बाहेर ठेवावे लागते, त्या दाराचे भाडे फार महाग पडते.

गेल्या २३ सप्टेंबरला आम्ही सगळे कमाटीबागेत गेलो. चिंगीही बरोबर होती. गर्दीत तिला आत नेणे बरे नव्हते, म्हणून आम्ही पाळी लावली. आधी दोघे आत जाऊन वंदन करून आले, मग दुसरे दोघे. मोठ्याची पाळी शेवटी होती. तो परत आला तेव्हा फाटकाशी एका गृहस्थाने त्याला सहज विचारले, "क्यांना तमे?" त्याने गावाचे नाव सांगितले, स्वतःचे पूर्ण नाव सांगितले, आणि चिंगीचा पट्टा आमच्या हातातून आपल्या हातात घेतला.